वाकलेला त्रिकोण, उथळ आततळ

माशाच्या एका जीवाश्म दाताचे नाव मराठीत आणताना माझे तीन दिवस गेले. नाव म्हणजे लॅटिन जोडनाव नव्हे. तसे असते तर ते देवनागरीत उतरवून मी पुढे गेले असते. लॅटिन नावांचे हे एक सुख आहे. ती कोणाच्याच घरची नसल्यामुळे सगळ्यांच्या घरी सारखीच पाहुणी असतात. हे नाव मात्र साध्या इंग्रजी शब्दांचे होते आणि त्याचा अर्थ साधारण असा : वाकलेला त्रिकोण, आतला तळ उथळ, कोन १२० अंशांहून मोठा. बस, एवढेच. एखाद्या माणसाला ‘उंच, जरा पोक काढून चालणारा, डावी भुवई तुटकी’ अशी हाक मारावी, तसे.

काम होते खोल समुद्राच्या तळावरच्या चिकणमातीचे वय कसे काढतात, यावरच्या एका लांबलचक इंग्रजी लेखाच्या अनुवादाचे. माझे शिक्षण तौलनिक साहित्यातले. भूशास्त्राशी नाते म्हणाल तर एवढेच, की साताऱ्याला वाढले, म्हणजे काळ्या बसाल्टावर वाढले. आणि आता चंडीगडला खेटून असलेल्या खरडला राहते, जिथून पाऊस पडून गेल्यावर गच्चीतून शिवालिकच्या टेकड्या आणि त्यांच्या मागे कसौलीचे डोंगर दिसतात. गावाचे नाव इथे ‘ड’खाली टिंब देऊन लिहितात आणि उच्चारतातही तसेच. मराठी माणसाला मात्र ते आज्ञार्थी क्रियापद वाटते. खरड! अनुवाद करून पोट भरणाऱ्या बाईला याहून नेमका पत्ता मिळणे कठीण. खरडणे म्हणजे घाईने लिहिणे आणि खरडणे म्हणजे तळाला चिकटलेले खरवडून काढणेही. हातातल्या कामात दोन्ही होते.

आधी अडचण काय आहे ते सांगते. समुद्रतळावरच्या गाळाचे वय काढायचे तर बहुतेक ठिकाणी सूक्ष्म जीवांची कवचे कामी येतात. कोणत्या काळात कोणती कवचे होती याचे तक्ते तयार आहेत. पण साधारण चार-पाच किलोमीटरच्या खाली गेले, की पाणी इतके थंड आणि दाबाखालचे असते, की चुन्याची कवचे त्यात विरघळून जातात. वरून पाऊस पडत राहतो, खाली काही पोहोचत नाही. उरते ती वाऱ्याने वाहून आणलेली धूळ, ज्वालामुखींची राख आणि यांची झालेली अतिशय बारीक चिकणमाती. ती हजार वर्षांत एक मिलिमीटर साठते, काही ठिकाणी त्याहूनही कमी. इंग्रजीत हिला एकोणिसाव्या शतकापासून ‘लाल माती’ म्हणत आले आहेत. ती प्रत्यक्षात चॉकलेटी असते. शिवाय ‘लाल माती’ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे एक तर कोकण येते नाही तर कोल्हापूरची तालीम. मी ‘तपकिरी चिकणमाती’ लिहिले. परिभाषेत ‘सिंधुपंक’ असाही एक देखणा शब्द आहे, पण तो कवचांच्या चिखलासाठी. इथे कवचेच नाहीत.

म्हणजे वही आहे, पण तारीख घालणारे कोणी नाही. अशा वहीत टिकतात ते दात. माशाचा दात चुन्याचा नसतो, तो अपटाइट नावाच्या फॉस्फेट खनिजाचा असतो आणि चुना जिथे विरघळतो तिथे हे खनिज तग धरते. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ नावाचे ब्रिटिश जहाज जगाचे समुद्र धुंडाळत फिरले, तेव्हा प्रशांत महासागराच्या तळावर ओढलेल्या जाळ्यांतून शार्कचे दात शेकड्यांनी वर आले. हाडे नाहीत, मासे नाहीत, नुसते दात. शार्कचा सांगाडा कूर्चेचा असतो, तो राहत नाही. आणि त्याला दातांचे काही वाटत नाही, एका जन्मात तो हजारो दात टाकतो. आम्ही आपला एकेक दुधाचा दात उंदराच्या बिळाशी ठेवायचो आणि त्याच्या बदल्यात चांगला दात मागायचो. शार्कला मागावे लागत नाही.

त्या दातांपैकी काही मेगॅलोडॉनचे होते, तळहाताएवढे दात असणाऱ्या नामशेष शार्कचे. त्यांच्यावर मँगनीजची काळी पुटे चढलेली होती. १९५९मध्ये चेर्नेझ्की नावाच्या संशोधकाने ‘नेचर’मध्ये एक हिशेब छापला : पूट इतके मिलिमीटर जाड, ते अमुक वेगाने चढते, म्हणून एक दात सुमारे २४ हजार वर्षांपूर्वीचा आणि दुसरा अवघ्या ११ हजार वर्षांपूर्वीचा. म्हणजे हिमयुगाच्या शेवटापर्यंत हा राक्षस समुद्रात होता! भागाकार बिनचूक होता. वेग चुकीचा होता. खोल समुद्रात हे पूट दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर एवढ्याच गतीने वाढते. गृहीत धरलेला वेग त्याच्या कितीतरी पटींनी जास्त होता. मेगॅलोडॉन संपून ३५ लाखांहून जास्त वर्षे झाली, असे आता मानतात. पण ते ११ हजार अजून मेलेले नाही. मेगॅलोडॉन कुठे तरी खोलात जिवंत आहे असे सांगणाऱ्यांच्या हाती ते अधूनमधून सापडतेच. छापलेल्या आकड्याला कवच लागत नाही.

मोठे दात मोजके असतात. खरा साठा बारीक दातांचा, एक मिलिमीटरही लांब नसलेल्या. मातीचा गोळा पाण्यात विरघळवायचा, बारीक चाळणीतून धुवायचा, चाळणीवर उरेल ते सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक दात उचलायचा. ‘दात कोरून पोट भरत नाही’ म्हणतात, यांचे भरले. कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेत पॅट्रिशिया डॉइल आणि विल्यम रीडेल यांनी १९७०च्या दशकात असे हजारो दात आणि शार्कच्या कातडीवरचे खवले वेगवेगळे केले आणि त्यांतले कोणते आकार कोणत्या काळात दिसतात हे मांडले. अडचण अशी होती, की दात कोणत्या माशाचा हे कळायला मार्ग नव्हता. एकाच माशाच्या तोंडात चार आकारांचे दात असू शकतात आणि चार माशांचे दात एकसारखे असू शकतात. तेव्हा त्यांनी माशांची नावे द्यायचे सोडून दिले आणि जे दिसते तेच नाव केले.

ही नावे मला फार आवडली. मालक माहीत नाही, तर मालकाचे नाव खोटे लावू नये. वस्तू हातात आहे, तिचे वर्णन नीट करावे. आमच्या क्षेत्रात याच्या बरोबर उलटे चालते. निनावी पदाला आधी कोणा संताचे नाव चिकटवायचे, मग त्या संताच्या चरित्रातून पदाचा काळ काढायचा.

तर नावे मराठीत करायला बसले. ‘त्रिकोणी पुढावा असलेला त्रिकोण’. ‘पतंगाकृती, लांबट उंचवटा’. ‘लहान, फांद्याफांद्यांचा, पुष्कळ किरणरेषा’. ‘आयताकृती, करवतदाती’. इथे थोडा वेळ थांबले, कारण करवतीला दात आपण माणसाच्या तोंडावरून दिले आणि आता त्या करवतीवरून परत माशाला देत होतो. या सगळ्यांत अडकले ते एका घडवलेल्या शब्दापाशी. दाताच्या आत पोकळी असते, तिची कड बाहेरच्या आकाराच्या आत दुसरा आकार काढते. त्या आतल्या आकाराच्या पायाला त्यांनी दोन छोटे इंग्रजी शब्द जोडून नाव दिले आहे. कोशात ते मिळणार नाही. ‘अंतस्तल’ केले तर अध्यात्म सुरू होते. ‘अंतःपाद’ केले तर कविता. शेवटी ‘आततळ’ लिहिले आणि दोन दिवस त्याच्याकडे संशयाने पाहिले.

मग एक परीक्षा घेतली. माझी लेक दहा वर्षांची आहे. तिला मूळ चित्रे न दाखवता नुसती मराठी नावे वाचून दाखवली आणि म्हटले, काढ बघू. त्रिकोणात त्रिकोण तिने लगेच काढला. पतंगाला शेपूट लावली. “शेपूट कशाला?” तर म्हणे, “पतंग आहे ना, आई!” आमच्या गच्चीवरून वसंत पंचमीला आकाश दिसत नाही इतके पतंग असतात, आणि त्यांतल्या एकालाही शेपूट नसते, पण पुस्तकातल्या पतंगाला असते. ‘आततळ’ला ती अडली. मी स्वयंपाकघरातून आमटीची वाटी आणि ताटली आणली. वाटीचा आततळ खोल, ताटलीचा उथळ. “मग सरळ सांग ना,” म्हणाली आणि तिने काढलेला वाकलेला त्रिकोण मूळ चित्राशेजारी ठेवला तेव्हा मला शब्दाचा संशय राहिला नाही.

संपादकांना नावे नको होती. फोनवर म्हणाले, “ताई, ‘विशिष्ट आकारांचे दात’ एवढं पुरे. वाचक कंटाळतो.” मी म्हटले, त्या माशांचे जगात एवढेच उरले आहे, ते तुम्ही ‘विशिष्ट’मध्ये गुंडाळणार? बरेच बोलणे झाले. नावे चौकटीत गेली, पण गेली.

आकारावरून वय ठरते ते ढोबळ. नेमका आकडा यायला दाताच्या आतले रसायन लागते, आणि इथून पुढे लेख मला भूगोलाचा राहिला नाही, घरचा झाला. समुद्राच्या पाण्यात स्ट्रॉन्शियम असते. त्याच्या ८७ आणि ८६ या दोन समस्थानिकांचे प्रमाण जगातल्या सगळ्या महासागरांत एका वेळी एकच असते, कारण स्ट्रॉन्शियम समुद्रात लाखो वर्षे टिकते आणि पाणी ढवळून निघायला हजार-दोन हजार वर्षे पुरतात. पण काळानुसार ते प्रमाण बदलते. आज ते ०.७०९२ आहे, सुमारे चार कोटी वर्षांपूर्वी ०.७०७७च्या आसपास होते. माशाचा दात आपल्या काळच्या समुद्राचा हा आकडा आत घेऊन तळाशी बसतो. दात आम्लात विरघळवून प्रमाण मोजायचे आणि वक्राशी ताडून पाहायचे. सगळा खेळ दशांशानंतरच्या चौथ्या-पाचव्या स्थानी.

प्रमाण बदलते का, तर जमीन झिजते म्हणून. जुन्या ग्रॅनाइटी खडकांतून येणाऱ्या नद्या आकडा वर ओढतात, पृथ्वीच्या पोटातून आलेला बसाल्ट तो खाली ओढतो. गेल्या चार कोटी वर्षांतल्या चढाला हिमालयाची झीज मोठ्या प्रमाणात कारण आहे, असे बरेच जण मानतात, काही जण वाद घालतात. म्हणजे इथून तासाभरावर रोपडला वाहणारी सतलज, सिंधूमार्गे अरबी समुद्रात जाऊन, आकडा वर ढकलते. आणि संगम माहुलीला जिच्यात आमच्या पितरांचे सगळे विधी झाले ती कृष्णा, सह्याद्रीचा बसाल्ट घेऊन, खाली. माझे माहेर आणि माझे बिऱ्हाड एका अपूर्णांकाची दोन टोके ओढत आहेत. हे शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे आणि शास्त्रीयदृष्ट्या अगदी बिनमहत्त्वाचे आहे, म्हणून मी ते अनुवादात घातले नाही, इथे घातले.

या पद्धतीने मातीचे वय काढल्याचा एक महत्त्वाचा निबंध लिन इंग्रॅम या कॅलिफोर्नियातल्या संशोधिकेने १९९५मध्ये प्रसिद्ध केला. उत्तर प्रशांत महासागराच्या मधोमध काढलेला सुमारे २४ मीटर लांबीचा एक गाभा संशोधकांत प्रसिद्ध आहे. त्या तेवढ्याशा मातीत साडेसहा कोटी वर्षे आणि वर थोडी मावली आहेत. डायनोसॉर संपले ती रेघही त्यात आहे. सात-आठ मजली इमारतीएवढी माती आणि तिच्यात तारखेची खूण म्हणून हे दात. मात्र आकडाही सगळीकडे सारखा बोलत नाही. चार ते साडेसहा कोटी वर्षांच्या दरम्यान वक्र जवळजवळ सपाट आहे, तिथे एकच प्रमाण अनेक काळांना लागू पडते. तेव्हा परत आकाराकडे यावे लागते, म्हणजे वाकलेल्या त्रिकोणाकडे. दोघे एकमेकांना साक्ष देतात तेव्हा कुठे तारीख पक्की होते.

तारखेलाही शब्द लागतो. ‘कालनिर्णय’ अगदी चपखल आहे, पण मराठी वाचकाला त्यातून भिंत, खिळा आणि मागच्या पानावरची पाककृती दिसते. मी ‘कालनिश्चिती’ घेतला. त्यात जितकी निश्चिती सुचते तितकी नाही, हे वरच्या परिच्छेदावरून कळेलच.

दातांवरून काळ काढण्याची एक गोष्ट मला इथेच, शेजारी सापडली. चंडीगडच्या पंजाब विद्यापीठात अशोक साहनी यांनी अनेक वर्षे पुराजीवशास्त्र शिकवले. ते आणि त्यांचे सहकारी दख्खनच्या लाव्हाशी निगडित गाळाचे थर धुऊन चाळत होते. नागपूरजवळचे टाकळी हे त्यांतले एक ठिकाण. दोन लाव्हाप्रवाहांच्या मधल्या निवांत काळात तळी साचली, त्यांत बेडूक, मासे राहिले, पुढचा लाव्हा येऊन सगळे झाकले गेले. दख्खनच्या अशा थरांत इग्डाबाटिस या रे जातीच्या माशाचे दात मिळाले. हा मासा क्रेटेशियस युगाच्या अगदी शेवटच्या टप्प्यातला, मूळ ओळख नायजरमधल्या दातांवरून झालेली. लाव्हाचे वय काढणाऱ्या फ्रेंच भूशास्त्रज्ञांना १९८०च्या दशकात या दातांचा आधार झाला : दख्खनचा लाव्हा डायनोसॉरांच्या अंताच्या सुमारास वाहत होता. आज तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा मानतात. तर माझ्या अजिंक्यताऱ्याचे वय ठरवण्यात चंडीगडचा हात आहे. आणि चंडीगडमागच्या डोंगरांत, कसौलीच्या पलीकडे सुबाथू नावाची छावणी आहे. तिच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खडकांत शार्क आणि रे माशांचे दात सापडतात, हिमालय उठण्याआधी इथे असलेल्या समुद्रातले. शेजारच्या आंटीजींना हे सांगितले तर त्या पदर तोंडाशी नेऊन म्हणाल्या, “मच्छी दे दंद? इत्थे?” त्या पक्क्या शाकाहारी आहेत.

दंद. संस्कृतातला अनुस्वार पंजाबीने तोंडात धरून ठेवला, आमच्या ‘दात’ने सोडला. माझी लेक म्हणते, “आई, माझा दंद हलतोय.” नाम पंजाबी, क्रियापद मराठी, ‘माझा’ मराठी. सुरुवातीला मी टोकायची.

लेखात शेवटाकडे एक भाग आहे, तो अनुवादताना मी पुन्हा पुन्हा वाचला. जिवंत माशाच्या दातात दुर्मिळ मृदा धातू जवळजवळ नसतात. दात तळाशी पडल्यावर तो आजूबाजूच्या पाण्यातून, चिखलातून ते शोषत जातो. इतके, की प्रशांत महासागराच्या काही भागांतला दातांचा चिखल जपानी संशोधकांना या धातूंची खाण वाटू लागला आहे. म्हणजे आकार मूळचा आणि आतला बराच ऐवज नंतरच्या मुक्कामाचा. मग स्ट्रॉन्शियम तरी मूळचेच कशावरून? हा प्रश्न संशोधकही विचारतात. दात आधी धुऊन, वरचे थर काढून, शेजारच्या पुराव्यांशी ताडून मगच आकडा मांडतात. काही दात त्यात बाद होतात.

नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथ साहिबात आहेत. ग्रंथाची पहिली सिद्धता १६०४ची, नामदेव त्याच्या अडीचशे वर्षे आधी गेलेले. मधल्या काळात ती पदे इथल्या तोंडांनी गायली, आणि त्यांत पंजाबी, ब्रज, फारसी मुरत गेली. तरी एखाद्या पदात ‘-ईले’ प्रत्ययाचे भूतकाळी रूप अचानक लागते, खड्यासारखे. एम.ए.ला असताना आम्हाला असे प्रत्यय वेचून दाखवायला सांगत, आणि मला तेव्हा ते कंटाळवाणे वाटे. इथे एका संध्याकाळी गुरुद्वाऱ्याच्या भोंग्यावरून तसे एक रूप कानावर आले तेव्हा मी भाजीवाल्यासमोर सुटे पैसे हातात धरून उभीच राहिले. बाकी पद कोणाचे किती, हे सांगणे अवघड. ते रूप कुठले, हे अवघड नाही. लेकीचा ‘हलतोय’ही मी आता तसाच ऐकते, ‘दंद’ला टोकत नाही. पण ‘हल रहा है’ ऐकू आले की स्वयंपाकघरातूनही ओरडते.

भारताच्या वाट्याला यातला समुद्र आला आहे, तो मध्य हिंद महासागराचा. २६ जानेवारी १९८१ रोजी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजाने तळावरून मँगनीजचे पहिले गोळे उचलले. बटाट्याएवढे काळे गोळे, त्यांत निकेल, तांबे, कोबाल्ट. पुढे आंतरराष्ट्रीय करारातून ७५ हजार चौरस किलोमीटरचा पट्टा शोधासाठी भारताकडे आला. खोली पाच किलोमीटरच्या वर. १९९७मध्ये याच खोऱ्यात तळाचा एक पट्टा मुद्दाम ढवळून काय होते ते पाहिले गेले. २०२१मध्ये चेन्नईच्या संस्थेचे ‘वराह’ हे यंत्र ५,२७० मीटर खोलीवर चालवून पाहिले. नाव ठेवणाऱ्याला पुराण येत होते : वराहाने समुद्रातून पृथ्वी वर काढली ती दातावरच, सुळ्यावर.

असे यंत्र तळावरून फिरले की वरची माती उखडते आणि ढगासारखी उठून दूरवर बसते. हजार वर्षांना एक मिलिमीटर धरला तर दहा सेंटिमीटर म्हणजे एक लाख वर्षे, आणि ती एका फेरीत कालवली जातात. निकेल-कोबाल्ट नकोत असे मी म्हणत नाही. हे टंकते आहे त्या संगणकाच्या बॅटरीतही ते असणार. पण गोळा वाढायला आत कसली तरी कणी लागते, जिच्याभोवती पुटे चढत जातात, दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर. कधी ती दगडाची कपची असते, कधी जुन्या गोळ्याचा तुकडा. आणि पुष्कळ गोळे फोडले की मध्ये शार्कचा दात निघतो. भट्टीत जाणारे गोळे आधी कोणी फोडून पाहत नाही.